खुंटीवरची बंदूक

१९ जानेवारी

बंदूक घरी आली. आचारसंहिता लागली तेव्हा परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या होत्या, त्यात यांची दोननळीही गेली. तेव्हापासून बैठकीतली खुंटी मोकळी होती. मी तिला बाजाराच्या पिशव्या अडकवायचे. आज यांनी पिशव्या काढून पलंगावर फेकल्या आणि बंदूक टांगली.

परवाना रानडुकरांसाठी. यांनी मारलेलं डुक्कर काही मी अजून पाहिलं नाही. पाहुणे आले की मात्र बंदूक खाली उतरते.

ग्रामपंचायतीला यांचं पॅनल निवडून आलं, तरी मिरवणूक निघाली नव्हती. "बंदुकीबिगर कसली मिरवणूक?" म्हणे. गुलाल, डीजे, सगळं नवरदेवासाठी खोळंबावं तसं बंदुकीसाठी खोळंबलेलं!

ठाण्यातल्या साहेबांनी बजावलं, की ज्याचा परवाना त्यानंच हात लावायचा. हे आम्हाला हसत हसत सांगत होते.

२२ जानेवारी

आजच लिहून ठेवते.

मिरवणूक मशिदीच्या वळणावर आली. यांनी दोन बार हवेत काढले. लोक ओरडले. मग यांनी नळी मोडून उघडली, नवी काडतुसं भरली आणि बंदूक हरिओमच्या हाती दिली. "घे फौजदार!" पोराची पोलीस भरतीची मैदानी झालीय, लेखी व्हायचीय, पण बापाच्या लेखी तो फौजदार होऊनच बसलाय.

एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात मोबाईल. नाचतोय आणि स्वतःचा व्हिडिओ काढतोय. नाचता नाचता हात खाली आला आणि बार झाला.

आमची शिवणवाली लालबी तिच्या ओट्यावर उभी होती, यांच्यासाठी हार घेऊन. हारच आधी खाली पडला. मला वाटलं, तिच्या हातातून निसटला.

डीजे चालूच होता. पुढच्या लोकांना कळलंसुद्धा नाही.

२३ जानेवारी

लालबीच्या हातातले छर्रे काढले. उजवं मनगट आणि पंजा. अंगठ्याजवळची दोन बोटं हलत नाहीत. ज्या हातानं अख्ख्या गावाचे ब्लाउज शिवते, तोच हात.

डॉक्टर यांच्या ओळखीचे. कागदावर लिहिलं — सुतळी बॉम्ब हातात फुटला. व्हिडिओ पुसला. गावातही तेच सांगायचं ठरलं. कुणी ठरवलं? मला तर कुणी विचारलं नाही.

हे म्हणाले, "केस झाली तर पोराची भरती गेली. तू आई हायेस ना?"

आई आहे म्हणूनच तर तळपायाची आग मस्तकाला जातेय! बंदूक दिली तुम्ही, काडतुसं भरली तुम्ही, आणि आता आईपण माझं तपासताय.

हरिओम जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होता. रडत होता. मीही रडले त्याच्याजवळ बसून. आईच ना मी.

२६ जानेवारी

लालबीकडे गेले. बोलायचं खूप ठरवून गेले होते. तिनंच आधी तोंड उघडलं.

"भाबी, मैं बोल दी डागदर कू, फटाका फुट्या बोलके. तुमी टेन्शन नका घेऊ."

म्हटलं, तुझा हात आणि तू खोटं बोललीस?

"हरिओमची पहिली कुंची याच हातानं शिवली ना मी. मंग? पोरगं नोकरीला लागू दे. माझं काय, इरम हाये."

तिची इरम बारावीला आहे. दारात उभी राहून ऐकत होती. मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाली, "काकी, तुमी तर पाह्यलं ना?"

मी चपला घालत राहिले.

मला लालबीचाही राग आला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ जानेवारी

हरिओम जाऊन लालबीच्या पाया पडला. तिनं डोक्यावर डावा हात ठेवला. पोरगा घरी येऊन पोटभर जेवला आणि घोरायला लागला.

माफी इतकी झटपट मिळाली, की काय केलं होतं तेच तो विसरला.

आणि बंदूक? पुन्हा खुंटीवर! मी म्हटलं, निदान कुलपात ठेवा, काडतुसं वेगळी ठेवा. तर हे म्हणाले, "रिकामी बंदूक काय डुकराला ओवाळायला ठेवू?" हरिओम हसला.

१४ फेब्रुवारी

यांनी लालबीकडे गव्हाचं पोतं पाठवलं. इरमनं परत पाठवलं. "पोरीला लई माज आलाय," हे म्हणाले. माज कुणाला आलाय, ते बैठकीत टांगलेलं आहे.

९ मार्च

बाजाराला तीर्थपुरीला गेले होते. तिथं शिंप्याला ब्लाउज टाकला. त्यानं विचारलं, गावात तुमच्या लालबी आहे ना, मग इकडं कुठं?

काय सांगणार? फटाका सांगितला. माझ्याच तोंडानं. घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या देत आले.

२१ एप्रिल

यादी लागली. हरिओमचं नाव आहे. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली.

आनंद झाला. खोटं कशाला लिहू? पहाटे उठून धावायचा पोरगा, त्याच्यासाठी भिजवलेले हरभरे मीच काढून ठेवायचे. देवापुढं साखर ठेवली.

दुपारी अंगणात माणसं जमली, पेढे वाटले. लालबी आली. डाव्या हातानं त्याला पेढा भरवला. "बहोत बडा हो बेटा." उजवा हात पदराखाली.

तेवढ्यात हे आत गेले आणि बंदूक घेऊन आले. "एक बार तर झालाच पाह्यजे!" आणि दिली हरिओमकडे. त्यानं घेतलीसुद्धा! नळी मोडली, काडतूस घातलं, खट् करून बंद केली. बोट घोड्यावर. नळी बायका बसल्या होत्या त्या बाजूला.

त्या खट् आवाजासरशी लालबी रांजणामागं जाऊन बसली. डोकं गुडघ्यांत घातलेलं.

लोक हसले. हरिओमही हसला. "खाला, घाबरू नको. आता तर सरकार मला ट्रेनिंग देनार हाये."

मी उठून नळी धरली आणि जमिनीकडं दाबली.

"आई, सोड, भरलेली हाये."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे का?"

यांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. बापलेक फाटकाबाहेर गेले आणि बार काढलाच. कुत्री भुंकत राहिली.

लालबीला मी हाताला धरून उठवलं. चुकून उजवाच धरला. थंडगार.

रात्र

झोप नाही. जानेवारीत चुकून झालं, असं मी स्वतःला समजावत होते. झालंही असेल. पण आज? ज्याला आज हसू आलं, त्याच्या हातात उद्या सरकार बंदूक देणार. कुठल्या तरी गावातल्या गर्दीत उभा करणार. तिथंही कुणीतरी ओट्यावर उभी असेल, आणि तिची ओळख ना पाळख. ती का म्हणून फटाका म्हणेल?

आणि हेही खरं, की पहाटे धावणारा पोरगा माझाच आहे. त्याच्याकडं बघून आले आत्ता. तोंड उघडं ठेवून झोपलाय.

२२ एप्रिल

सकाळच्या एसटीनं ठाण्यात जाऊन आले. बंदूक नेली नाही. माझ्या नावावर परवाना नाही, आणि घरात निदान एका माणसाला तरी ते कळतं. मिरवणुकीत जे पाहिलं ते सांगितलं. बार कुणी काढला, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, हरिओम. पूर्ण नाव सांगा म्हणाले. मग सांगितलं — हरिओम रामराव. यांचं नाव आजवर फक्त उखाण्यात घेतलं होतं.