दाराशी कुणाचा फोटो?

२ मार्च २००९
नाझर सिंग पहिला? कोण म्हणतं!
बैसाखीला गुरुद्वाऱ्याच्या हॉलमध्ये आपल्या लोकांच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. इंग्लंडातल्या या स्मेदिकमध्ये आपल्यातलं सर्वांत आधी कोण आलं, त्याचा फोटो मोठा करून दाराशी लावणार. आणि तो म्हणे बचिंत कौरच्या नवऱ्याचा! अहो, आमचे हे छप्पन साली आले. नाझर सत्तावन्नला, बायकोला घेऊन. त्यांना स्टेशनवर आणायला हेच गेले होते. आता दोघेही हयात नाहीत, मग भांडायचं कुणी? मीच.
फोटो जमवणारी इशमीत म्हणाली, "बीजी, बाबाजींचा त्या काळातला एक तरी फोटो द्या ना. त्याशिवाय मी लावू काय?"
नाही म्हटलं. खोटं बोलले.

५ मार्च
फोटो आहे. पेटीच्या तळाशी. फाउंड्रीच्या फाटकापाशी उभे – डोकं उघडं, केस कापलेले, दाढी सफाचट. पगडीवाल्याला तेव्हा काम देत नसत. वीस वर्षांनी यांनी पुन्हा केस राखले, पगडी बांधली आणि असले सगळे फोटो फाडले. हा एकच राहिला. शेवटच्या आजारात म्हणाले, "हा माझ्याबरोबर जाळ." मी हो म्हटलं. पण जाळवला नाही.
एकसष्टला मी विमानतळावर उतरले तर समोर हा बोडक्या डोक्याचा माणूस! लग्न झालं तेव्हा केस कमरेपर्यंत होते. "का कापलेत?" "वाटलं म्हणून." महिनाभर बोलले नाही त्यांच्याशी.

१५ मार्च, रविवार
लंगरसाठी आम्ही बायका रोट्या लाटत होतो. सुखवंत बचिंतला म्हणाली, "भैणजी, फोटोत तुमच्या सरदारांचा रुबाब काय! या देशात येऊन एक केस कापला नाही त्यांनी." आणि माझ्याकडे बघून हसली, मेली.
बचिंत खाली मान घालून लाटत राहिली. गप्प बसून मिरवायची तिची जुनी खोड!
माझी रोटी करपली. "हरदेव, तवा बघ," बचिंत म्हणाली. आता तवाही हीच शिकवणार मला!
जळते मी तिच्यावर. वहीत लिहायला कसली लाज? तिच्या नवऱ्याला डाग नाही आणि माझ्याला पेटीत लपवून ठेवायचं.

२१ मार्च
रात्रंदिवस तेच डोक्यात.

२२ मार्च
दिला फोटो. इशमीत नाचायचीच बाकी राहिली.
आमचा तरलोचन कधी नाही ते चढ्या आवाजात बोलला, "बीबी, बापूंना हे चाललं असतं?"
"तू मला शिकवू नकोस," म्हटलं. पोटचा पोर, पण बोलतो बचिंतच्या बाजूने.

१४ एप्रिल
बैसाखी. दाराशी हे, चांगले पुरुषभर उंच. खाली लिहिलंय: उजागर सिंग, आगमन १९५६. नाझर आतल्या भिंतीवर, खांबाच्या आड. जिरली!
मग दोन म्हातारे आले. एकाने मान फिरवली. दुसरा म्हणाला, "हा पहिला शीख? पगडीशिवाय?" मरत्या माणसाला दिलेला शब्द मोडला आणि चारचौघांत त्याला असं उभं केलं. कशासाठी, तर बचिंतची जिरवायला.
ती बराच वेळ फोटोसमोर उभी होती. रडत होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

१५ एप्रिल
सकाळी बचिंत आली. बसलीसुद्धा नाही.
"काम दोघांनाही मिळत नव्हतं, हरदेव. घरात पीठ नव्हतं. एकाने तरी केस कापायलाच हवे होते. आमचे खुर्चीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. तुझ्या माणसाने त्यांना उठवलं आणि स्वतः बसला. कात्री माझ्या हातात होती. वर्षभर त्याच्या एकट्याच्या कामावर आम्ही तिघं जेवलो. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्याने. तुला तर मुळीच नाही."
बावन्न वर्षं हे तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.