गाडी चालू ठेवा

६ ऑक्टोबर
बोरीत आलो एकदाचा! जनावरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो. बायनाबाईंची खोली मिळाली, गाडीसाठी शटर असलेली शेडही. आधीचे भाडेकरू दत्तराव परभणीला गेले, जाताना त्यांनी विकायला काढलेली गाडी मीच घेतली. अंगणात सोयाबीनची मळणी चाललीय, भुशानं नाक भरतं. पेशंट भरपूर, पण बोलणारा एक नाही. म्हशी नुसत्या रवंथ करत माझ्याकडं बघतात.

९ ऑक्टोबर
गाडी सुरू केली की स्टिरिओ सांगतो, शिवकन्याचा फोन जोडला. माझा फोन जोडूनच घेत नाही. बायनाबाई म्हणाल्या, शिवकन्या दत्तरावांची बायको, गेल्या साली वारली. "लय गुणाची व्हती, पर एकली पडली बिचारी." एवढं बोलून खळ्याकडं गेल्या.

जिंतूरच्या योगीराजचं स्टिरिओचं दुकान आहे. तो म्हणाला, पेनड्राइव्हवरून स्टिरिओला अपडेट मारा, जुनं समदं पुसून जाईल. फाइल याच मॉडेलची घ्या. इंजिन चालू ठेवा, पेनड्राइव्हला हात लावू नका. मधेच बंद पडलं तर स्टिरिओ कायमचा गेला म्हणून समजा.

१४ ऑक्टोबर
अपडेट लांबणीवर टाकतोय. खरं सांगू? कुणीतरी नाव घेऊन बोलतंय, तेवढंच बरं वाटतं. आज शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट-अलार्म कोकलत होता. बेल्ट लावला, गप्प झाला. मग पेडगावपर्यंत त्या सीटशीच गप्पा मारत गेलो. गावात कळलं तर मलाच इंजेक्शन देतील.

१८ ऑक्टोबर
स्टिरिओवर आपोआप फोन लागला. बाईचा आवाज. तिनं विचारलं, एकटं वाटतं का. मी हो म्हणालो. का म्हणालो?

बायनाबाईंना खोदून विचारलं. शिवकन्या याच शेडमध्ये, याच गाडीत गेली. भुसा येतो म्हणून शटर खाली, इंजिन चालू, गाणी लावून बसली होती. धूर कोंडला. कुणी हाक मारायलाही आलं नाही.

उद्या अपडेट. पुसून टाकतो सगळं. वाईट वाटतंय, तरी.

१९ ऑक्टोबर, सकाळ
अंगणात मळणीयंत्र, गाडी बाहेर काढायला जागा नाही. शटर पुरतं वर केलं, खाली उभ्या वाशाचा टेकू दिला. फाइल तपासली. इंजिन चालू. अपडेट सुरू. गाडीतच लिहीत बसलोय.

अर्धं झालं. स्टिरिओतून ती रडतेय. पुसू नका म्हणते, पुन्हा एकटी पडेन —

शटर पडलं. टेकू होता. मी बघितला होता.

किल्ली फिरवली. इंजिन बंद होत नाही. दारं उघडत नाहीत. काचेवर बुक्क्या — हात दुखला. डोकं जड —

ती रडायची थांबली. आता काही पुसलं जात नाहीये म्हणते. भरलं जातंय —

बायनाबाई! शटर वाजवतायत. डाक्टरसाब, आत हाव का, ठीक हाव ना, विचारतायत. जिवाच्या आकांतानं ओरडलो — तोंडातून आवाजच —

स्टिरिओ बोलला. माझ्या आवाजात. ठीक आहे मावशी, अपडेट चालू आहे, तुम्ही जा म्हणाला. हसलासुद्धा, अगदी माझ्यासारखा —

त्या बरं म्हणाल्या. चपला लांब चालल्या. मावशी, तो मी नाही, मी इथं —