पायाला कुणाचा हात

शुक्रवार, रात्र. थळ.

यांच्या पायाची बंद नस फुगा घालून उघडताना रक्ताची गुठळी सुटून बोटांकडे गेली होती. डॉक्टरांनी ती नळीने ओढून काढली आणि घरी सोडताना मला सांगितलं, मला, "रोज पायाला हात लावून बघा. गार लागला तर लगेच आणा."

मग वन्सं चौलहून कशाला आल्या? म्हणे भावाकडे बघायला. मी नव्हते का बघायला?

आज मासळी विकून आले आणि तशीच पायाला हात लावला. चांगला गरम. मागोमाग वन्संनी लावला आणि ओरडल्या, "पाय गार पडलाय गो!" मला वाटलं, मला खोटं पाडायलाच. मी म्हटलं, "माझा नवरा हाय, मला कळतं." त्यांनी माझा हात धरून माझ्याच गालाला लावला. सकाळपासून बर्फातले मासे उचललेला हात. त्याला पाण्याचा माठसुद्धा गरम लागला असता.

रिक्षाने अलिबागला नेलं. नवी गुठळी होत होती. सलाईनमधून औषध चालू आहे, पाय वाचेल म्हणाले. चांगलं झालं. झालंच की. पण रात्री सोबत एकालाच राहू देतात, आणि हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई थांबूदे."

घरी आल्यापासून मी चुलीपुढे हात शेकत बसले होते. आता लालबुंद झालेत, वन्संच्या हातापेक्षा गरम.

आणि पाय तिकडे आहे.