दोन वर्षांच्या आतलं मूल

३ मार्च, सोमवार

भाऊजींचा फोन. ताईचा नवरा मला कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. "काय मेहुणीबाई, लोकांच्या बॅगांत डोकावणं चालू आहे ना? एक सांगा, बाळाला विमानातून न्यायचं तर काय काय लागतं?"

मी नुकतीच विमानतळावरच्या एक्स-रेच्या पडद्यासमोरून उठले होते. वीस मिनिटं पडदा, मग सक्तीची विश्रांती. डोळे चुरचुरत होते. प्रवाशांना सांगते तसंच सांगून टाकलं — दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसून जातं, त्यासाठी वयाचा पुरावा, म्हणजे जन्मदाखला. तो नसेल तर काउंटरवरच अडवतात. दूध चालतं, ते वेगळं तपासतो. बाबागाडी घडी करून मशीनमध्ये.

"वा, तोंडपाठ आहे तुमचं," म्हणाले आणि फोन ठेवला.

कुठे जायचंय, हे मी विचारलंच नाही.

६ मार्च

ताई दुपारी आली. बाळ खांद्यावर झोपलेलं. तिला परगावी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली आहे, १७ तारखेला हजर व्हायचंय. भाऊजींचं म्हणणं — "तू खुशाल जा. पोर इथून हलणार नाही." तिने गुपचूप १५ तारखेचं तिकीट काढलं, बाळ मांडीवर. आज फाइल उघडली तर जन्मदाखला गायब.

"यांना कसं सुचलं गं? स्वतःचे मोजे सापडत नाहीत या माणसाला."

मी पाणी आणायला आत गेले. मग बाहेर येऊन भाऊजींच्या फोनचं सांगितलं.

ती बाळाचा मोजा वर ओढत बसली. "तुला कोणीही काहीही विचारावं," एवढंच म्हणाली.

७ मार्च

दाखल्याची नक्कल मिळायला तीन आठवडे. चौकशी केली.

८ मार्च

नियमावली पुन्हा पहिल्यापासून वाचली. पुरावा मागतात तो मांडीवरच्या सवलतीसाठी. बाळाला स्वतंत्र सीट घेतली, पूर्ण तिकीट काढलं, की वय कोणी विचारत नाही. आणि आईबरोबर जाणाऱ्या लहान मुलाला देशातल्या देशात ओळखपत्र लागत नाही. यात खोटं काहीच नाही. दोनदा तपासलं.

ताईला कळवलं. उत्तर — "बरं."

१० मार्च

सकाळच्या पाळीत सत्तावीस बाबागाड्या. एकीचीही घडी पहिल्या झटक्यात झाली नाही.

११ मार्च

आईचा फोन. "तिला समजाव. पोरीला बापापासून तोडून कसली नोकरी?"

मी म्हटलं, तोडत कोणी नाहीये, आई. तिला नोकरीही हवी आहे आणि मुलगीही.

"तुला काय कळतंय त्यातलं. तू लग्न कर आधी."

झोपले. जेवले नाही.

१५ मार्च, शनिवार

ताई नेमकी माझ्याच रांगेत आली. काउंटरवर कोणी काही विचारलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

नातेवाईक समोर आला की आम्ही उठायचं, सुपरवायझरला सांगायचं, वहीत सही करायची. मी उठले. आमच्या सुपरवायझरना सगळे मास्तर म्हणतात. मास्तर म्हणाले, "बहीण ना? मग चोरी केल्यासारखा चेहरा कशाला? कर सही आणि हो बाजूला." वहीत लिहिलं — बहीण, भाची. अक्षर माझं वाटत नव्हतं.

धातू शोधणारी चौकट वाजली. लहान मुलाला आईपासून वेगळं करत नाहीत. ताईने बाळाला कडेवर ठेवूनच दोन्ही हात पसरायची धडपड केली. माझी जोडीदारीण हसली. "अहो, एकच हात. बाळ पडेल." हातातलं यंत्र फिरवलं. बाळाच्या बुटाचं बक्कल होतं.

गेल्या. ताईने मागे वळून पाहिलं नाही. मीही हात केला नाही, वर कॅमेरा असतो.

पाळी संपेपर्यंत एकही बॅग नीट आठवत नाही. असं याआधी झालं नव्हतं.

२१ मार्च

ताईचा फोन. एक खोली, एक पलंग. पाळणाघरात बाळ दिवसभर दाराकडे बघत बसतं, खात नाही. लॅबमध्ये मात्र पहिल्याच झटक्यात शीर सापडते, हे तिने दोनदा सांगितलं.

भाऊजी रोज व्हिडिओ कॉल करतात. ओरडत नाहीत, रडतात. "ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं," म्हणाली.

मी विचारलं, काही पाठवू का?

"काय पाठवशील?"



२७ मार्च

तिने फोन उचलला नाही. कामात असेल.

२ एप्रिल

आईचा फोन. "आली गं बाई घरी. काल दुपारच्या विमानाने, दोघीही. आता तू मध्ये पडू नकोस."

काल दुपारी मी कामावर होते. वरच्या मजल्यावर, जाणाऱ्यांच्या रांगेला. खाली, येणाऱ्यांच्या दाराशी, कोणी कोणाला काही विचारत नाही.