रिकामी बरणी

९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, मधेच फोन लावू नकोस.

प्रदर्शनातलं नाक उभं राहिलं एकदाचं. नाटकांसाठी मी राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, एकदा विमानसुद्धा. पण माणूस आत शिरेल एवढं नाक बांधताना नाकी नऊ आले. तारेची जाळी, वर कागदाचा लगदा, आत लाल कापड, केसांच्या जागी सुंभ. मुलं एका नाकपुडीतून शिरतात आणि दुसरीतून खिदळत बाहेर येतात.

हा सगळा खटाटोप प्रयोगशाळेतल्या बाईंचा. वासावरचं त्यांचं संशोधन चार लोकांना कळावं म्हणून त्यांनी मला गाठलं, आणि तेव्हापासून आमचं रोज वाजतंय. वास जिथे कळतो ती जागा नाकात अगदी वर, छताशी असते. मी ती झकास जांभळी रंगवली. बाई म्हणाल्या, ती पिवळट असते. मी म्हटलं, पिवळट रंग मागच्या रांगेतून दिसत नाही. त्या म्हणाल्या, इथे मागची रांगच नाही, सगळे आत असणार. त्यांचं बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. शेवटी छताला पिवळे दिवे टांगले. खाली काळ्या रंगवलेल्या बरण्या, आत वासाचा कापूस: साबण, कॉफी, लवंग, ओली माती. वास आला की बटण दाबायचं, वरचा दिवा लागतो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी बरण्या उघडून पाहिल्या आणि बाईंच्या विद्यार्थ्यांना सगळ्यांसमोर झाडलं. एवढं साधं काम जमत नाही, कोरा कापूस भरून ठेवलाय, वगैरे. तुला माझं तोंड माहीत आहे. बाईंनी एकेक बरणी नाकाशी धरली आणि सगळ्यांना चहाला पाठवून दिलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सर्दी आहे.

"सर्दी नाहीये तुम्हाला. कधीपासून?"

तर ताई, हिवाळ्यातल्या त्या तापापासून. तापाचं तुला सांगितलं होतं, वास येईनासा झाला हे नाही. जेवण बेचव लागायचं ते तोंडाला चव नाही म्हणून, रंगाचा वास यायचा नाही तो सवयीने, अशी मी माझीच समजूत घालत होते. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या आठवड्यात मी तुझ्या छकुलीच्या पलंगाला रंग देत होते. होडीसारखा केलाय, शिडासकट. स्वयंपाकघरात दूध करपून भांडं काळं झालं, घरभर धूर, आणि मला पत्ता नाही. शेजारच्या काकूंनी दार बडवलं तेव्हा कळलं. दूध होतं म्हणून निभावलं. गॅस गळत असता तर? आणि पुढच्या महिन्यात तू ट्रेनिंगला जाताना पोरगी माझ्या भरवशावर ठेवणार आहेस.

मी गॅस काढून टाकलाय. विजेची शेगडी आणली, धूर झाला की बोंबलणारा भोंगा बसवला. छकुली पाच वर्षांची आहे, तिला वास कळतात. पण माझं घर तिच्या नाकाच्या भरवशावर चालवायचं नाही, एवढी अक्कल मला आहे.

बाईंनी एक बरणी मुद्दाम रिकामी ठेवायला लावली. तिचा दिवा लागतच नाही. लोक ती हलवतात, फसवलं म्हणून कुरकुरतात, अगदी माझ्यासारखे. मग शेजारी उभी असलेली मी सांगते, ही माझी बरणी. काल एका आजोबांनी ती बराच वेळ धरून ठेवली. म्हणाले, "बायको म्हणते, मला स्वच्छता कळत नाही. मलाही वासच येत नाही हो. तिला घेऊन येतो उद्या." परक्या माणसांना रोज सांगते आणि तुला नाही, याची मला लाज वाटली.

अजून एक. मागच्या वेळी मी छकुलीच्या मानेत नाक खुपसून म्हणाले ना, अजून बाळासारखा वास येतो म्हणून? काहीच येत नव्हता गं. तू बघत होतीस म्हणून बोलले, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तिला पाठवायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी रडेन, पण रुसणार नाही.

बाई म्हणतात, नाक पुन्हा शिकावं म्हणून ओळखीचे वास रोज घेत राहायचे, आले नाहीत तरी घ्यायचे. लवंग आणि साबण माझ्याकडे आहेत. छकुलीला पाठवणार नसलीस, तर तिचा एक फ्रॉक पाठव. धुऊ मात्र नकोस.

फ्रॉकची नाहीतर फ्रॉकवालीची वाट बघणारी,
तुझी धाकटी