तिथी नसलेलं नाव

११ ऑगस्ट
गेल्या पितृपक्षात दादाने पंचमीच्या घराला षष्ठी सांगितली. ती माणसं आता दुसऱ्या गुरुजींकडे जातात. मोतीबिंदू काढून घे म्हटलं की उत्तर ठरलेलं, "पितृपक्ष होऊ दे." दर वर्षी तेच. म्हणून यंदा त्याची वही मी कंप्युटरवर चढवणार. कुठली तिथी, त्या दिवशी कोणाकोणाचं श्राद्ध. बस्.
मुग्धा बंगलोरहून म्हणते, "आत्या, दो घंटे का काम है, पायथनमध्ये कर." दादाची सख्खी लेक. बापाच्या वहीसाठी हे दोन तास तिच्याकडे नाहीत.

१३ ऑगस्ट
व्हिडिओतला पायथन शिकवणारा दर वाक्याला "दोस्तों" म्हणतो. मी तुझी दोस्त नाही. चौतीस वर्षं मुलींना गणित शिकवलंय, माझ्या वर्गात हा मागच्या बाकावरही टिकला नसता. सांगितलं काय, तर डिक्शनरी म्हणजे खणांचं कपाट. खणावर तिथीची चिठ्ठी, आत नावांची यादी. एवढ्याला चाळीस मिनिटं.

१६ ऑ.
चालवून पाहिलं. प्रत्येक तिथीला एकच माणूस! वहीत नवमीला पानभर नावं, इथे फक्त शेवटचं. यादीत भर घालायची सोडून मी दर वेळी नवं नाव ठेवून जुनं फेकत होते. = काढलं, append घातलं.

१९ ऑ.
आता उलटं. पौर्णिमेपासून अमावस्येपर्यंत प्रत्येक खणात सगळीच्या सगळी नावं. दादाला वाचून दाखवलं.
"अरे वा, म्हणजे सगळे रोज जेवणार?"
आणि पोट धरून हसला. डोळ्यांनी दिसत नाही, पण माझी फजिती बरोब्बर दिसते.

२२ ऑ.
शेवटी मुग्धाला फोन. काहीतरी खात खात बोलत होती. "आत्या, तू सबको एकच लिस्ट दिलीस. चिठ्ठ्या सोळा, डब्बा एकच." fromkeys नावाची एक सोय त्या "दोस्तों"ने शिकवली होती, त्यात रिकामी यादी एकदाच बनते आणि तीच सगळ्यांना मिळते. प्रत्येक तिथीला स्वतःचा रिकामा डब्बा, [], दिला, जमलं.
चूक माझी. हे मुग्धाला सांगितलेलं नाही.

२६ ऑ.
रामघाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात. दादा वरच बसून तर्पण करवतो.
वहीची शेवटची पानं चढवली आणि नवं झंझट. KeyError: ''. म्हणजे बिनतिथीचं नाव आलंय, आणि असला खणच नाही. दादाने कुठेतरी तिथी लिहिलीच नाही. गबाळा. उद्या शोधते.

२७ ऑ.
सापडलं. शेवटचं पान, आमचंच घर. आजोबा, अण्णा, आई. त्याखाली बापू. पुढे काही नाही.
बापू, आमचा धाकटा. एकोणीस वर्षांपूर्वी सकाळी दूध आणतो म्हणून गेला तो गेलाच. आईने तीनदा चहाचं आधण ठेवलं होतं. ती गेली तेव्हाही आला नाही. पळपुटा.
नाव पेन्सिलने लिहिलंय. तिथीच्या जागी खोडून खोडून कागद झिरझिरीत झालाय. उजेडात धरला तर 'अमावस्या' दिसतं. एकावर एक, बऱ्याच वेळा लिहिलेलं.

३० ऑ.
मुग्धा म्हणते, "तिथी माहीत नसेल तर सर्वपित्रीत टाक ना, एक लाइन लागेल." शास्त्र तरी वेगळं काय सांगतं? बारा वर्षं पत्ता नसला तर करून टाका, हे दादाच लोकांना सांगतो. एका बाईला माझ्यासमोर सांगितलं. ती रडत होती, हा दर्भ मोजत होता.
त्याला विचारलं, बापूला अमावस्येत घालू?
"तो काय मेलाय?"
"मग या वहीत कशाला लिहिलास?"
"तू अपना काम कर."
लोकांना शास्त्र, घरात खोडरबर. इतका संताप आला की जेवले नाही. भेकड आहे हा माणूस, पहिल्यापासून.

६ सप्टें.
उद्या पौर्णिमा. बापूची ओळ तेवढी काढून ठेवली, बाकी यादी मोठ्या अक्षरांत छापून आणली. दादा भिंग घेऊन दोन तास बसला. एक चूक काढता आली नाही त्याला.
"एक कमी आहे," म्हणाला. एवढंच. मग यजमानांना तिथी कळवायला फोन घेऊन बसला. पंचमीच्या त्या घरालाही केला, आधी त्यांची माफी मागितली.
संध्याकाळी बापूची ओळ परत घातली. तिथीच्या जागी 'अमावस्या' टाइप केलं. चाललं. एरर नाही, काही नाही. अमावस्येच्या यादीत सगळ्यात शेवटी बापू.
मग तेवढं 'अमावस्या' खोडलं.
KeyError.
अमावस्येला अजून पंधरा दिवस आहेत.