माथाकेचा काढा

प्रिय लोसा,

बसवाल्या जोनेने तुझी चिठ्ठी आणून दिली. नाताळला येत नाही, अभ्यास आहे, एवढंच त्यात. अभ्यासाची थाप मला मारू नकोस, तुझ्या बापालाही मीच न्हाऊमाखू घातलंय. तुला धास्ती आहे ती आमच्या तोंडांची. मागे सुवा शहरातल्या हॉस्पिटलातून आलीस, तेव्हा अंगावर जरा मांस चढलं होतं. बसमधून उतरल्यापासून जो तो तुला सांगत सुटला, किती छान भरलीस गं! आमच्यात याहून मोठं कौतुक नाही. लेकरू भरलं म्हणजे घराने नीट सांभाळलं. तू मात्र संध्याकाळी सगळं जेवण ओकून टाकलंस आणि सकाळच्या बसने परत गेलीस.

खरं तर आम्ही आधीपासूनच बावळट. गावप्रमुखाच्या घरी टीव्ही आला, तेव्हा चटईवर सगळ्यांच्या पुढे मीच बसायचे. त्या परदेशी मालिकेतल्या काटकुळ्या मुली बघून मला वाटायचं, बिचाऱ्यांना कुणी जेवायला घालत नाही. तू शेजारी बसून स्वतःचे दंड चाचपायचीस. नोकरी, गाडी, मान, सगळं त्यांना त्या अंगामुळेच मिळालं, असं तुझ्या मनाने घेतलं होतं. मग तुझ्या ताटात अन्न उरायला लागलं आणि सेरेआनाकाकूने सांगून टाकलं, हे माथाके. भूक मरते तो आजार, आणखी काय असणार? तिने पाला कुटून पोट साफ करणारा काढा केला. तू तोंड वाकडं न करता प्यायचीस, वर आणखी मागायचीस. काकू खूश, पोरगी किती गुणाची! तुला बारीक व्हायचं होतं आणि ते काम आमचाच काढा करत होता, हे हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी सांगितलं तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं. अजूनही तुझं नाव निघालं की काकू डोळे पुसते.

म्हणून मी घरोघरी बजावून आलेय, लोसा आली की तिच्या अंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. जाड नाही, बारीक नाही. मग बोलायचं तरी काय, असं काकूने अगदी काकुळतीने विचारलं. मी म्हटलं, प्रवासाचं विचार. दारादारातून येणारी 'ये, जेवून जा' ही हाक मात्र मला बंद करता येणार नाही, ती परक्या वाटसरूलाही जाते. तू 'जेवलेय' म्हण आणि पुढे चाल. कुणी मनाला लावून घेणार नाही.

पण तेवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते. तुझी धाकटी बहीण, उनाईसी, हल्ली नारळाच्या दुधातला मासा कुत्र्याला घालते आणि भूक नाही म्हणते. काकू पाला तोडायला निघाली होती, मी तिचा हात धरला. पोरीला जवळ घेऊन विचारलं, तर तोंड फिरवून म्हणाली, "तुला नाही कळायचं आत्या. लोसाताईला कळलं असतं." मला खरंच कळत नाही गं. माझा तुझ्यावर फार जीव आहे, म्हणून पूर्ण बरी होऊन ये असंच म्हणणार होते. पण तेवढा वेळ तिच्याकडे नाही. आहेस तशी ये, आणि तिच्याजवळ बस.

तुझीच,
मेरेवालेसी आत्या